पिस्तूल ज्याच्या हाताला चावलं

ती घटना आठवली की आजही माझी कानशिलं तापतात. सेवानिवृत्त होऊन काही वर्षं झाली, सकाळी बीपीची गोळी घेतो, घरचे म्हणतात, सोडा आता तो विषय. मी सोडत नाही. खून, दरोडे, मारामाऱ्या नोकरीत भरपूर पाहिल्या. पण चप्पल दुरुस्तीला टाकावी तसा एका माणसाने दुसरा जिवंत माणूस ठाण्यात आणून टाकला, हे एकदाच पाहिलं.

मी धारचा. वडील पत्र्याच्या पेट्या आणि कंदील दुरुस्त करायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या बी.ए.च्या प्रमाणपत्रासाठी वडिलांनी पत्र्याची नळी बनवली होती, झाकणासकट. ती अजून माझ्याकडे आहे. हे फुशारकीने सांगतो असं वाटलं तर वाटू द्या, पण पुढच्या गोष्टीत त्या नळीचं काम आहे.

त्या वर्षी मी देवास जिल्ह्यात, खातेगांवकडच्या एका ठाण्यात टीआय होतो, म्हणजे ठाण्याचा प्रमुख. दसऱ्याचा दिवस. दुपारी साडेचारच्या सुमाराला फोन आला की एका बड्या शेतमालकाच्या फार्महाऊसवर गोळी चालली आहे. घराणं मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथलं. दसऱ्याला त्यांच्याकडे शस्त्रपूजा मोठी व्हायची. तलवारी, भाले, दोन बंदुका आणि मालकाचं बत्तीस बोअरचं लायसन्सी पिस्तूल पाटावर मांडून पूजा, मग नारळ, मग अंगणात ढोल.

मी पोचलो तेव्हा ढोल उपडा पडला होता. वाजवणाऱ्याला जीपमध्ये घालून नेलं होतं. तो रस्त्यातच गेला. गोळी गळ्याच्या खाली लागली होती.

पायरीवर मालकाचा ड्रायव्हर बसला होता. बदनावरकडच्या एका खेड्यातला, पन्नाशीचा, सडपातळ माणूस. समोर स्टीलच्या ताटात पिस्तूल. मालक वर होते, "तब्येत बिघडली" म्हणून खाली आले नाहीत. त्यांचा व्यवस्थापक सगळं बोलत होता.

"साहब, पूजा के बाद ये उठाकर साफ करने लगा. इसको क्या पता भरी हुई है. चल गई."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. "तूने चलाई?"

"जी. मैंने चलाई."

घरातले तीन साक्षीदार तेच बोलले, आणि शब्दसुद्धा तेच. खरं तर तिथेच माझे कान उभे राहायला हवे होते. खरं पाहिलेली तीन माणसं तीन प्रकारे बोलतात. दुसरी गोष्ट, पिस्तूल चकचकीत पुसलेलं होतं, खोबरेल तेलाचा वास येत होता. दसऱ्याच्या दिवशी पूजेवरून उचललेलं शस्त्र आणि त्यावर कुंकवाचा ठिपका नाही? हे मी पाहिलं आणि पुढे गेलो. त्याचा राग मला स्वतःवर आहे. सणाचा दिवस होता, गावात रावणदहनाचा बंदोबस्त लावायचा होता, कबूल करणारा माणूस समोर होता. आळस माणसाला असा सोयीच्या वेळी गाठतो.

एक काम मात्र नेमाने झालं. अटकेआधी वैद्यकीय तपासणी, तिकडे तिला मुलाहिजा म्हणतात. आमचे मुन्शीजी, म्हणजे ठाण्याचं लिखाण सांभाळणारे हेड कॉन्स्टेबल, कुरकुरले होते, "साहब, जो खुद कबूल रहा है उसका क्या मुलाहिजा!" मी म्हटलं, फॉर्म आहे तर भरायचा. सरकारी डॉक्टरने लिहिलं : दोन्ही हातांवर ताजी जखम, खरचटणं, ओरखडा नाही. त्या ओळीची किंमत त्या दिवशी मला कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः ठाण्यात आले. आडवा बांधा, भरलेले दंड, पंजा असा की चहाचा कप त्यात दिसेनासा व्हावा. बरोबर आपट्याची पानं. मी मराठी म्हणून खास मला सोनं द्यायला.

"घ्या साहेब, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. काल सगळा विचकाच झाला."

मी हात पुढे केला आणि तसाच थांबलो. मालकांनी सोनं डाव्या हाताने दिलं होतं. उजवा हात कुडत्याच्या खिशात.

आमच्या लोकांत लहान पोरसुद्धा सोनं डाव्या हाताने देत नाही. दिलंच तर आई तिथेच टपली मारते. मी सहज विचारलं, "हाताला काय झालं?"

"काही नाही हो, नारळ फोडताना लागलं." हात काढून दाखवला आणि लगेच आत घातला. तळव्याला रुमाल गुंडाळलेला, अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधून वळसा घेतलेला.

मग खुर्चीवर रेलून म्हणाले, "प्रकरण लवकर आटपा. माणूस दिलाय ना तुम्हाला हजर करून. आणखी काय पाहिजे?"

माणूस दिलाय! मी आजवर शिव्या ऐकल्या, धमक्या ऐकल्या, पण या वाक्याइतकं घाण वाक्य माझ्या टेबलासमोर कोणी बोललं नाही. तेही सोनं वाटता वाटता.

तरीही राग म्हणजे पुरावा नव्हे. नारळाने हाताला लागू शकतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. शुद्ध, जुन्या वळणाचं मराठी. आमच्या ठाण्यात मराठीत फोन येणं म्हणजे नवलच. मुन्शीजींनी फोन माझ्याकडे दिला, "साहब, कोई आपकी भासा में है."

ती एवढंच म्हणाली, "ज्याला धरलंत त्याच्या हाताकडे पाहिलंत का? आणि ज्याला सोडलंत त्याच्या?" फोन बंद.

आता इथे थोडं पिस्तुलाबद्दल सांगतो, कारण सामान्य वाचकाला हे माहीत असण्याचं कारण नाही. पिस्तुलाच्या वर एक सरकता भाग असतो, त्याला स्लाइड म्हणतात. गोळी सुटली की स्लाइड झटक्यात मागे येते आणि पुन्हा पुढे जाते, डोळ्याची पापणी लवायच्या आत. मुठीच्या वर, मागच्या बाजूला पिस्तुलाला लहानशी शेपटी असते, हाताला आडोसा म्हणून. छोट्या, जुन्या घडणीच्या पिस्तुलात ही शेपटी आखूड असते. हात मोठा आणि मांसल असेल आणि पकड वर असेल, तर अंगठा आणि तर्जनीमधलं मांस शेपटीच्या वर फुगून येतं. स्लाइड मागे येते आणि त्या मांसावर दोन समांतर चिरे ओढून जाते. ट्रेनिंगला आमचे उस्ताद म्हणायचे, "भिया, नीचे पकड़ो. ये पालतू नहीं है, काट लेगी." आमच्या तुकडीतल्या एका पहिलवानाला ते दर वेळी चावायचं. मी तेव्हा काडी होतो, मला कधी चावलं नाही. पुढे टीआय झालो, अंगावर मांस आलं, आणि वार्षिक चांदमारीत, म्हणजे नेमबाजीच्या सरावात, एकदा छोटं पिस्तूल हातात घेतलं तर मलाही चावलं. जेवताना आमटीचं मीठ झोंबलं की उस्ताद आठवायचे.

म्हणजे फोनवरची बाई काय म्हणत होती ते मला लगेच कळलं. त्या रुमालाचा वळसाही नेमक्या त्याच जागेवरून गेला होता.

मी मालखान्यातून पिस्तूल मागवलं. दोन पंच बसवले, हातमोजे घातले, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून घेतली. मग तशाच मापाचं लाकडी पिस्तूल, जे आम्ही शिकवायला वापरायचो, ते ड्रायव्हरच्या हातात दिलं. म्हटलं, त्या दिवशी कसं धरलं होतं ते दाखव.

त्याचा हात लहान, बोटं काटकुळी. त्याने मूठ धरली तर पहिलं बोट घोड्यापर्यंत कसंबसं पोचत होतं. हात आपोआप खाली राहिला. अंगठ्याजवळचं कातडं आणि शेपटी यांच्यामध्ये माझी करंगळी जाईल एवढी जागा. या हाताला पिस्तूल चावणार नाही. पण एवढ्याने तो निर्दोष ठरत नव्हता. न चावताही गोळी सुटतेच. बारुदाचे कणही त्याच्या हातावर मिळाले असते, कारण पिस्तूल पुसायलाही त्यालाच लावलं होतं. सगळा विचार करून ठेवलेला.

मग मी मोबाइलवरचा एक फोटो उघडून त्याच्यासमोर धरला. पूजेचा फोटो, घरातल्याच कोणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला, तिथून फिरत माझ्यापर्यंत आलेला. फोटोत पिस्तुलाच्या मुठीला नाडाछडी गुंडाळलेली स्पष्ट दिसत होती, पूजेचा तो लाल-पिवळा धागा, खालच्या अर्ध्या भागात चांगले पाच-सात वेढे. जप्त केलेल्या पिस्तुलावर धागा नव्हता.

"ये लच्छा कहाँ गया?" मी ड्रायव्हरला विचारलं. तिकडे धाग्याला लच्छा म्हणतात.

"निकाल दिया, साहब. सफाई के टाइम."

"फिर?"

"फेंक दिया."

"कहाँ?"

"कचरे में."

मी त्याच्या मनगटाकडे बोट केलं. त्याच्या हातात नवरात्रातला धागा होता, विटलेला, तरी बांधलेला. "पूजा का लच्छा तू कचरे में फेंकेगा? अपना तो उतरता नहीं तुझसे."

त्याने मान खाली घातली. मी दार लोटलं, मुन्शीजींना चहा सांगितला. हात उगारला नाही. अशा माणसाला मारून काय निघणार? तो मार खायचं ठरवूनच आलेला असतो.

"किसको बचा रहा है ये मुझे पता है," मी म्हटलं. "क्यों, वो बता."

चहाचा घोट घेऊन तो बोलला. मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. मालकांच्या नात्यातल्या कोणाचं तरी नर्सिंग कॉलेज होतं. मालक म्हणाले, तिची जागा पक्की, शिक्षण आमच्याकडे, तू फक्त हे अंगावर घे, दोन महिन्यांत जामीन करू. त्यांच्या घरात तोवर कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी त्याला त्या पत्र्याच्या नळीची गोष्ट सांगितली. म्हटलं, माझे वडील माझ्या शिक्षणासाठी जेलात बसले असते तर मी ती डिग्री चुलीत घातली असती.

त्याने प्रथमच माझ्या डोळ्यांत पाहिलं. "आपके पिताजी से किसी ने पूछा नहीं था, साहब."

मी मोठा पदवीधर, आणि बारावी पास पोरीच्या बापाने मला एका वाक्यात खाली बसवलं.

मग तोच म्हणाला, "लच्छा घर में ही होगा. वहाँ कोई नहीं फेंकता."

खरं होतं. मीही त्याच घडणीतला. पूजेतली वस्तू, मग ते फूल असो, पान असो की धागा, केरात जात नाही. निर्माल्यात जाते, आणि निर्माल्य नदीला. पिस्तूल तेलाने पुसायचं भान त्या लोकांना होतं, साक्षीदार पढवायचं होतं, माणूस बळी द्यायचंही होतं. पण मंत्र म्हणून बांधलेला धागा केरात टाकायची छाती कोणाची झाली नाही. माणूस चालतो, धागा नाही. काय हा धर्म!

चौथ्या दिवशी सकाळी झडतीची तयारी सुरू केली तोच वरून फोन. "बंदा कबूल रहा है, गवाह हैं. तुम थानेदार हो कि वकील?" मी म्हटलं, सर, लेखी आदेश द्या, थांबतो. लेखी काही आलं नाही. असं लेखी कधीच येत नाही, हे नवीन अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. मुन्शीजी पुटपुटले, "साहब, हाथ जल जाएगा." तरी रोजनाम्यात रवानगीची नोंद त्यांनीच सुवाच्य अक्षरात केली आणि जीपमध्येही तेच आधी बसले.

देवघरात मालकांच्या थोरल्या वहिनी उभ्या होत्या, विधवा, साठीच्या. सगळे त्यांना वहिनीसाहेब म्हणत. कोपऱ्यात झाकलेली वेताची टोपली.

"निर्माल्य आहे," त्या म्हणाल्या. "आधी हात धुवा."

तो आवाज मी ओळखला. त्यांनीही ओळखलं की मी ओळखला. आम्ही दोघं त्याबद्दल कधीही बोललो नाही. पुढे त्यांनी कोर्टात साक्ष दिली, म्हणूनच आज लिहितो आहे.

आम्ही हात धुतले, हातमोजे चढवले, पंचांसमोर टोपली उपसली. झेंडू, आपट्याची पानं, विड्याची पानं, आणि तळाशी कागदात बांधलेली नाडाछडी. वेढ्यांचा आकार तसाच, मुठीवरून ओढून काढलेली. एका बाजूला कुंकू होतं, लाल, कोरडं. दुसऱ्या बाजूला, जिथे मुठीची पाठ येते, तिथे वेगळा डाग. काळपट, कडक.

मुन्शीजी म्हणाले, "कुंकू होगा, साहब?"

वहिनीसाहेब म्हणाल्या, "कुंकू काळं पडत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दुसऱ्याच दिवशी नेमावरला नेऊन नर्मदेत सोडायला सांगितलं होतं. मी म्हटलं, पौर्णिमेला नेऊ. घाई कसली?"

पौर्णिमेला दोन दिवस होते.

आता सगळं जुळलं. पिस्तूल छोटं, हात मोठा. मुठीच्या खालच्या भागात धाग्याचे वेढे, त्यामुळे मोठ्या हाताला खाली जागाच नाही. पूजेच्या उत्साहात हात वर चढला, मांस शेपटीवर आलं. मालकांनी ढोलाच्या तालावर हवेत गोळी झाडली. पिस्तूल चावलं, हात दचकला, खाली आला, बोट घोड्यावर तसंच होतं, आणि दुसरी गोळी सुटली ती ढोलवाल्याच्या गळ्याखाली. रक्त मुठीच्या पाठीवरून ओघळून धाग्यात मुरलं. तीन साक्षीदार एकाच गोळीचं बोलत होते. आम्ही अंगण पुन्हा चाळलं तर तुळशीवृंदावनाच्या मागे दुसरी पुंगळी, म्हणजे सुटलेल्या गोळीचं रिकामं कवच, सापडली. पहिल्या दिवशी आम्ही ती शोधलीच नव्हती. पुन्हा सांगतो, याचा राग मला माझ्यावर आहे.

मालकांना नोटीस देऊन डॉक्टरांसमोर नेलं. रुमाल सुटला. अंगठा आणि तर्जनीच्या मधे दोन चिरे, सरळ, समांतर, खपली धरलेले. डॉक्टरांनी मधलं अंतर मोजलं. स्लाइडच्या दोन कडांमधलं अंतर तेवढंच होतं. मी म्हटलं, "मालक, नारळाला दोन धारा असतात का हो?"

ते भडकले. "एवढ्याशा ओरखड्यासाठी मला इथे आणलंत? कोण तुम्ही? तुमचे वडील आमच्यासारख्यांच्या दारी कंदील दुरुस्त करत फिरायचे!"

"फिरायचे," मी म्हटलं. "पण त्यांनी कोणाला स्वतःच्या बदली पाठवलं नाही."

पुढे प्रयोगशाळेतून अहवाल आला, धाग्यावरचं रक्त मालकांचंच. बचावाच्या वकिलांनी हाताच्या मापावर बरीच थट्टा केली, जाडजूड हाताचा प्रत्येक माणूस खुनी का, म्हणून विचारलं. प्रश्न बरोबरच होता. हात कोणाला खुनी ठरवत नाही, हात फक्त कुठे शोधायचं ते सांगतो. धाग्याने, पुंगळीने, वहिनीसाहेबांच्या साक्षीने आणि "जखम नाही" या मुलाहिज्यातल्या एका ओळीने काम केलं. ड्रायव्हर सुटला. मालकांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली. वर अपील चालू आहे आणि मालक जामिनावर बाहेर आहेत. दसऱ्याला फार्महाऊसवर अजून पूजा होते म्हणे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर तावातावाने दोन गोष्टी सांगतो. एक, कबुली देणारा माणूस समोर आला की तपास संपत नाही, तिथून तो सुरू होतो. आणि फॉर्म भरायचा कंटाळा करू नका, गरिबाला वाचवणारी ओळ कधीकधी फॉर्ममध्येच असते. दुसरी गोष्ट मी शवविच्छेदनाच्या अहवालात वाचली. ढोलवाल्याच्या उजव्या हाताला, अंगठा आणि तर्जनीच्या मधोमध, जाड घट्टा होता. आयुष्यभर टिपरी धरून पडलेला. मालकांना जिथे पिस्तूल एकदा चावलं आणि रुमाल लागला, नेमकी तीच जागा. आम्ही महिनाभर मालकांच्या त्या दोन चिऱ्यांचे फोटो काढले, मापं घेतली. या घट्ट्याचा फोटो कोणी काढला नाही. मीही नाही.

ड्रायव्हर सुटल्यावर एकदा माझ्याकडे धारला आला. मुलीने नर्सिंगची ती जागा स्वतःच नाकारली होती. आता ती एसटीसारख्या खाजगी बसने रोज बदनावरला कॉलेजात जात होती. मी त्याला विचारलं, जेलमधून सुटल्यावर आधी घरी गेलास ना?

नाही म्हणाला. आधी ढोलवाल्याच्या बायकोकडे गेला होता. म्हणाला, "मारा नहीं था, साहब. पर बोला तो था कि मैंने मारा. उसने वो सुना था." तिच्या दारात जाऊन त्याने हात जोडले.

"काय म्हणाली ती?"

तो मालवीत सांगू लागला, तिच्याच शब्दांत. "तू तो अई गयो, भिया. जिने मार्यो, ऊ कदी आवेगो?" तू तर आलास. ज्याने मारलं, तो कधी येणार?

तो अजून गेलेला नाही.